मॉन्ट्रोत पहिला दिवस : सुंदर आहे, पण आता करायचं काय?

तलावपाळी (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, तोही हॉटेलच्या गॅलरीत शाल पांघरून.

आई (वय ६९, गुडघे कुरकुरतात, उत्साह माझ्या दुप्पट) आणि मी अशा दोघीच स्वित्झर्लंडला आलोय. टूरवाल्यांबरोबर नाही, आपलं आपण. पहिले तीन दिवस मॉन्ट्रो, नंतर ल्यूसर्न. मॉन्ट्रो का, तर नकाशात जिनिव्हाचं तळं (लेमान म्हणतात त्याला) मोठं दिसलं आणि हॉटेल परवडलं. याहून खोल अभ्यास केला नव्हता, हे आधीच कबूल करते.

जिनिव्हाच्या विमानतळावरून गाडीत बसलो. लोझान गेलं आणि उजव्या हाताला तळं, डाव्या हाताला डोंगरावर चढत गेलेले द्राक्षांचे मळे. आई एकदा या खिडकीशी, एकदा त्या खिडकीशी. समोरचे आजोबा शेवटी उठून दुसरीकडे जाऊन बसले.

मॉन्ट्रोला उतरलो तर शहर उभंच्या उभं. स्टेशन वर, तळं खाली, मधे जिने. बॅगा उतरवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली पोचलो आणि समोर ते निळं पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि काठावर चक्क ताडामाडासारखी झाडं! आई म्हणाली, "अगं, हे अलिबागला कोणी बर्फ आणून ठेवला?"

इथपर्यंत सगळं छान. मग लक्षात आलं की आज रविवार. दुकानं बंद. माणसं आहेत, पण बोलत नाहीत. निम्मे लोक आईच्या वयाचे, छान कपडे घालून, कुत्रं घेऊन, सावकाश चालतायत. काठावर दोन कॉफ्या आणि एक क्रोसाँ घेतलं, सोळा फ्रँक. म्हणजे दीड हजार रुपयांच्या वर. मी ते आईला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आई बाकावर दोन तास बसली. मी पंधरा मिनिटांत चारही बाजूंचे फोटो काढून मोकळी. शेवटी तीच म्हणाली, "आपला ठाण्याचा मासुंदा तलाव बरा, निदान भेळ तरी मिळते."

तर प्रश्न असा : उरलेले दोन दिवस इथे काढावेत, की गाशा गुंडाळून इंटरलाकेनला पळावं? तिकडे म्हणे आपली माणसं, आपलं जेवण, सगळं असतं.

---

हापूसप्रेमी (रविवार, रात्री १०:५२)

पळा. इंटरलाकेनला वडापाव मिळाल्याचं मेहुणा सांगत होता. मेहुणा थापाड्या आहे, पण एवढं खरं असावं.

---

कडू_कारलं (रविवार, रात्री ११:०५)

घ्या, अजून एक स्वित्झर्लंड. एकाच कॅलेंडरची बारा पानं आहेत ती. डोंगर, गाय, तळं, घड्याळ. तेवढ्या पैशात कुटुंबासकट स्पिती झालं असतं आणि कॉफी वीस रुपयांत.

बाकी मॉन्ट्रो हे गाव मुळात पर्यटकांना विकायलाच उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज श्रीमंत छातीच्या विकारावर हवा खायला यायचे, त्यांच्यासाठी हॉटेलं बांधली, हॉटेलांसाठी रेल्वे बांधली, आणि आता त्यांचे पणतू सोळा फ्रँकला कॉफी पितात. तुम्हाला कंटाळा आला हे तुमची नजर शाबूत असल्याचं लक्षण आहे.

---

काकूबाई_मोड_ऑन (रविवार, रात्री ११:११)

कारलेसाहेब, तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात तेवढं सांगा, म्हणजे तिथे जायचं टाळता येईल.

तलावपाळी, आई बाकावर दोन तास बसल्या ना? मग झालं की. सहल कुणासाठी काढली होती?

---

लेमानकाठची (सोमवार, सकाळी)

अय्या, तुम्ही माझ्या अंगणात आहात! मी शेजारच्या व्हव्हेला राहते, नऊ वर्षं झाली.

कुठ्ठे पळू नका. रविवारी पोचलात हीच चूक. रविवारी इथे चिटपाखरू नसतं, फक्त स्टेशनातलं दुकान उघडं असतं. आम्हीही दूध विसरलो की तिथेच पळतो. आज सोमवार, गाव बघा कसं जागं होतं.

काही कामाच्या गोष्टी :

हॉटेलने तुम्हाला रिव्हिएरा कार्ड दिलं असेल. नसेल तर मागा, ते तुम्ही भरलेल्या पर्यटन करातूनच येतं. त्यावर इथली बस फुकट. २०१ नंबरची बस व्हव्हेहून निघून मॉन्ट्रो, शियों करत व्हिलनव्हपर्यंत तळ्याच्या काठाने जाते. आईंना चालवू नका, बसने फिरवा.

कॉफी काठावर प्यायची नाही. मिग्रो नाहीतर कोऑप या मोठ्या दुकानांच्या उपाहारगृहात जा, अर्ध्या पैशात ताट भरून येतं. मिग्रोत दारू मात्र मिळत नाही, त्यांचं ते पहिल्यापासूनचं व्रत आहे.

पाणी विकत घेऊ नका. चौकातल्या कारंज्यांचं पाणी पितात, बाटली भरून घ्या. 'पिण्याचे नाही' अशी पाटी असेल तर मात्र नको.

आणि माणसं बोलत नाहीत म्हणता, तर कुणालाही काही विचारण्याआधी 'बोंजूर' म्हणा. थेट 'एक्स्क्यूज मी' करून प्रश्न टाकला की ही मंडळी मिटतात. आपल्याकडे कुणाच्या दारात जाऊन 'काकू आहेत का' न म्हणता थेट वाटीभर साखर मागण्यातला प्रकार.

ता.क. ती ताडाची झाडं खरी आहेत. मागचे डोंगर उत्तरेचा वारा अडवतात आणि तळं हिवाळ्यात ऊब धरून ठेवतं. तुम्ही गाडीतून पाहिलेल्या त्या लाव्होच्या मळ्यांबद्दल इथे म्हणतात की त्यांना तीन सूर्य आहेत : एक आकाशातला, एक तळ्यात चमकणारा आणि तिसरा दगडी बांधांत दिवसभर मुरलेला.

---

तलावपाळी (सोमवार, सकाळी)

लेमानकाठची, किती किती आभार! कार्ड पाकिटात कालपासून आहे, मला वाटलं ते खोलीची किल्ली आहे. काल रात्री पाच मिनिटं दाराला लावत होते.

---

शुद्धलेखनाचा_शिपाई (सोमवार, सकाळी)

'मॉन्ट्रो' नव्हे. फ्रेंचमध्ये 'मोंत्र्‌...' आणि पुढे जो स्वर आहे तो मराठीत नाही. ओठ 'ओ' म्हणायला गोल करा आणि आतून 'ए' म्हणा.

---

हापूसप्रेमी (सोमवार, सकाळी)

ऑफिसात करून बघितलं. शेजारची पाणी घेऊन आली.

---

रुळावरचा_माणूस (सोमवार, दुपारी)

पळायचं असेल तर निदान योग्य गाडीने पळा. मॉन्ट्रो स्टेशनवर एकाच छताखाली तीन रुंदीचे रूळ आहेत, हे बघितलंत का? एक नेहमीचा १४३५ मिमी, ज्यावरून तुम्ही जिनिव्हाहून आलात. दुसरा एक मीटरचा, तो डोंगर चढून झ्वाइसिमेनकडे जातो. तिसरा फक्त ८०० मिमीचा, दात्यांचा, २०४२ मीटर उंच रोशे द नाये शिखराच्या जवळपर्यंत जाणारा. आपल्या माथेरानच्या राणीचा रूळ ६१० मिमीचा, म्हणजे तिची थोडी अंगाने भरलेली बहीण समजा.

खरी गंमत पुढे आहे. डिसेंबर २०२२ पासून मॉन्ट्रोहून थेट इंटरलाकेनला गाडी जाते. झ्वाइसिमेनला या वाटेवरचा मीटरचा रूळ संपतो आणि मोठा सुरू होतो. पूर्वी तिथे उतरून गाडी बदलावी लागायची. आता त्या डब्यांची चाकंच चालता चालता पसरतात आणि डबाही थोडा वर उचलला जातो, म्हणजे पुढच्या स्टेशनांवर फलाटाशी उंची जुळते. आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. मी तो भाग दोनदा केला, दोन्ही वेळा खिडकीला कान लावून. बायको डबा सोडून गेली.

वाटेत ग्श्टाड आणि सानेन लागतं. तिथेच शाहरुख आणि काजोलचं चित्रीकरण झालं होतं, त्यामुळे डब्यातले अर्धे भारतीय अचानक उठून उभे राहतात.

---

मुक्ताई (सोमवार, दुपारी)

त्या पलटणीत मीही होते. लाज वाटून बसले आणि मग पुन्हा उठले.

---

वाईकर_बापू (सोमवार, दुपारी)

तलावपाळी, बाजाराच्या चौकापाशी तळ्याकडे तोंड करून एक पुतळा आहे, एक हात वर केलेला. बघितलात का? तो 'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडच्या गायकाचा, फ्रेडी मर्क्युरीचा.

आमच्या पंचक्रोशीचा मुलगा हो तो! जन्म झांझिबारचा, पारशी, घरचं नाव फारोख बलसारा. आठेक वर्षांचा असताना बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये वसतिगृहात. पियानो तिथेच पक्का झाला, 'फ्रेडी' हे नावही तिथल्याच पोरांनी पाडलेलं आणि पहिला बँडही शाळेतच, १९५८ साली. पुढे 'क्वीन'ने १९७९ मध्ये मॉन्ट्रोतला रेकॉर्डिंगचा स्टुडिओच विकत घेतला. शेवटच्या दिवसांत आजारी असताना तो इथे येऊन गायचा, गावात त्याला कुणी त्रास देत नसे म्हणून. १९९१ च्या नोव्हेंबरात गेला. पुतळा १९९६ चा.

आम्ही लहानपणी पाचगणीला बाजाराला जायचो, त्या शाळेच्या भिंतीवरून. तेव्हा आम्हाला कोण फ्रेडी ठाऊक! स्ट्रॉबेरीचा भाव ठाऊक होता.

---

कडू_कारलं (सोमवार, दुपारी)

झालं. जगात कुठेही जा, मराठी माणूस अर्ध्या तासात वाईला पोचतो.

---

वाईकर_बापू (सोमवार, दुपारी)

कारलेबुवा, वाई आहेच तशी मध्यावर.

---

स्वरयात्री (सोमवार, संध्याकाळी)

बापू, त्या स्टुडिओची जागा कॅसिनोत होती आणि त्या कॅसिनोची स्वतःची एक गोष्ट आहे. ४ डिसेंबर १९७१, जुन्या कॅसिनोत फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन झाडली, छत पेटलं, सगळी इमारत खाक. डीप पर्पल हा बँड दुसऱ्याच दिवसापासून तिथे रेकॉर्डिंग करणार होता. त्यांनी हॉटेलातून धुराचा लोट तळ्यावर पसरताना पाहिला आणि 'स्मोक ऑन द वॉटर' जन्माला आलं. गिटार हातात घेणारं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात जी चार सुरांची ओळ वाजवून शेजाऱ्यांना छळतं, ती या गावच्या धुराची आहे. त्या गाण्यातला 'फंकी क्लॉड' म्हणजे क्लोद नोब्स, ज्याने आगीतून पोरांना बाहेर काढलं. तो पर्यटन कार्यालयात नोकरीला होता आणि त्यानेच १९६७ मध्ये इथला जॅझ महोत्सव सुरू केला. १९७६ मध्ये झाकीर हुसेन असलेला 'शक्ती' हा बँड इथे वाजला, झाकीरभाई पंचविशीतले. तो कार्यक्रम ऐका आणि मग सांगा गाव मुकं आहे म्हणून.

दर जुलैत हे शहर झोपत नाही. तुम्ही मे महिन्यात गेलात, त्याला गाव काय करणार!

---

हापूसप्रेमी (सोमवार, संध्याकाळी)

तलावपाळी, आई खोलीत फोडणी वगैरे देत नाहीत ना? नाहीतर गाण्याचा दुसरा भाग यायचा.

---

तलावपाळी (सोमवार, रात्री ११:२०)

फोडणी नाही, पण तुम्ही फार लांबही नाही. आईने किटलीत पाणी उकळून मेतकूट-पोहे केले आणि वरून लसणाची चटणी. खिडकी उघडून बसलो. खालून एक बाई थांबून वर बघून गेली. धुरासाठी की वासासाठी, देव जाणे.

आजचा अहवाल : 'बोंजूर' म्हटलं की माणसं खरंच बोलतात. आई तर बसमध्ये चढताना, उतरताना, कुत्र्यांनासुद्धा बोंजूर करतेय.

पुतळा बघितला. पायाशी कुणीतरी पिवळी फुलं आणि एक चिठ्ठी ठेवली होती, वर दगड ठेवलेला. बापूंनी लिहिलेलं सगळं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आठ वर्षांचं पोर वसतिगृहात ठेवलं होतं? आईबाप तिकडे आफ्रिकेत?" गाण्याबिण्याचं तिला काही नाही, तिचं तेवढंच. मग पुतळ्याच्या शेजारी उभं राहून तिने हात वर केला आणि मला फोटो काढायला लावला. गुडघे दुखतात, खांदे नाहीत.

---

पाणीवाला_अभियंता (मंगळवार, सकाळी)

'तळं किती निळं, आपल्याकडे मात्र' असा सूर धाग्यावर अजून निघाला नाही, पण निघेल. म्हणून आधीच लिहून ठेवतो, हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

हे तळं सत्तरच्या दशकात आजारी होतं. सुमारे ५८० चौरस किलोमीटर पसारा, खोली ३१० मीटर, तरीही. सांडपाणी, शेतातली खतं आणि कपडे धुण्याच्या पावडरींतला फॉस्फरस पाण्यात उतरत होता. त्यावर शेवाळ माजलं, शेवाळ कुजलं की तळाचा प्राणवायू संपत गेला. किनारा दोन देशांचा, एक बाजू फ्रान्सची. म्हणून १९६० च्या दशकातच दोघांनी मिळून आयोग नेमला, गावोगाव सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं बांधली, त्यांत फॉस्फरस वेगळा काढायची सोय केली. आणि १९८६ मध्ये स्वित्झर्लंडने कपड्यांच्या पावडरीत फॉस्फेट घालायलाच बंदी केली. पाणी सुधारायला त्यानंतरही वर्षं गेली. एवढ्या मोठ्या तळ्याचं पाणी बदलायलाच दशक उलटतं.

आणि आता नवीन दुखणं आलंय. २०१५ पासून क्वागा नावाचा परका शिंपला तळ्यात शिरलाय, तो पाणी उपशाचे पाइप चोंदवतो. त्यामुळे निळ्या रंगाला भुलू नका, त्यामागे रोज कुणीतरी पाना घेऊन उभा आहे.

---

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी)

अभियंतासाहेब, हे आमच्या नाशकात येऊन एकदा सांगा ना. चहा-मिसळ माझ्याकडून.

---

पाणीवाला_अभियंता (मंगळवार, सकाळी)

तीन वेळा सांगून झालंय. मिसळ चांगली होती.

---

दुर्गभ्रमर (मंगळवार, सकाळी)

अजून कुणी शियोंच्या किल्ल्याचं नाव नीट घेतलं नाही म्हणजे कमाल आहे! मॉन्ट्रोहून काठाने चालत पाऊण-एक तास, बसने दहा-पंधरा मिनिटं. तळ्यातल्या खडकावर बांधलेला जलदुर्ग. जंजिऱ्याची भव्यता मनात धरून गेलात तर हिरमोड होईल, हा त्यापुढे बाळ आहे. पण याची जागा बघा. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसरीकडे पाणी, मधे चिंचोळी वाट. इटलीतून ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून उत्तरेला जाणारा सगळा माल याच वाटेने जायचा. साव्हॉय घराण्याच्या सरदारांनी इथे बसून जकात वसूल केली. म्हणजे नाणेघाटच, फक्त रांजणाऐवजी किल्ला.

जमिनीकडच्या बाजूला बुरूज आणि जंग्या, तळ्याकडच्या बाजूला राण्यांच्या महालाच्या सुंदर खिडक्या. कारण हल्ला पाण्यातून येणार नाही याची खात्री. शौचकूपही थेट तळ्यावर उघडणारे. (अभियंतासाहेब, फॉस्फरसचा उगम सापडला.)

खाली तळघर आहे, खडकातच कोरल्यासारखं. तिथे फ्रांस्वा बोनिव्हार नावाचा जिनिव्हाचा एक धर्माधिकारी खांबाला साखळीने बांधून ठेवला होता, साव्हॉयच्या ड्यूकला विरोध केला म्हणून. १५३६ मध्ये बर्नच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा सुटला. इंग्रज कवी बायरन १८१६ मध्ये शेलीबरोबर आला, ही गोष्ट ऐकून कविता लिहिली, आणि एका खांबावर त्याचं नाव कोरलेलंही दाखवतात. आपल्याकडे सिंहगडावर 'पप्या लव्ह्ज पिंकी' कोरलं की दंड, याचं नाव मात्र काचेखाली जपून ठेवलंय.

---

काकूबाई_मोड_ऑन (मंगळवार, दुपारी)

पप्याने आधी कविता लिहावी.

---

कडू_कारलं (मंगळवार, दुपारी)

दुर्गभ्रमर, एवढं चांगलं लिहिलंत की मला जावंसं वाटायला लागलंय. लगेच हिमाचलचे फोटो बघून घेतो.

पण एक भर घालतो, कारण हे मला खरोखर आवडतं. शियोंच्या पुढे व्हिलनव्ह आहे, तीच बस तिथे जाते. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ तिथे राहायचा. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना, डिसेंबर १९३१ मध्ये, गांधीजी त्याच्याकडे पाच-सहा दिवस मुक्कामाला होते. मीराबेनही होत्या. परिषदेतून हाती काही लागलेलं नाही, मायदेशी अटक वाट बघतेय, आणि हा माणूस त्या थंडीत पंचा-घोंगडीवर तळ्याकाठी. रोलाँने त्यांना पियानोवर बीथोव्हेन वाजवून दाखवला. त्याआधी १९२६ मध्ये रवींद्रनाथही रोलाँला भेटायला तिथे येऊन गेले होते. थोडं पुढे बे नावाच्या गावी इंदिरा गांधी शाळेत होत्या, आणि कमला नेहरू गेल्या त्या लोझानमध्ये, फेब्रुवारी १९३६ मध्ये.

इंटरलाकेनला पळून तुम्हाला काय मिळणार? वडापाव.

---

मुक्ताई (मंगळवार, दुपारी)

थांबा. कारलं गोड झालं? धाग्याला खिळा ठोका, तारीख लिहून ठेवा.

---

लेमानकाठची (मंगळवार, दुपारी)

कडू_कारलं, सलाम. मी नऊ वर्षं त्या बसने जातेय आणि मला हे माहीत नव्हतं.

तलावपाळी, व्हव्हेला आलात तर तळ्यात उभा केलेला आठ मीटरचा काटा बघा, जेवणाचा काटा हो. आणि शेजारच्या कॉर्सिएमध्ये चार्ली चॅप्लिन शेवटची जवळपास पंचवीस वर्षं राहिला, १९७७ च्या नाताळच्या दिवशी तिथेच गेला. त्याच्या घराचं आता संग्रहालय केलंय. पण दोन दिवसांत सगळं कोंबू नका.

त्यापेक्षा एक करा. मे महिना आहे. मीटरवाल्या गाडीने (रुळावरचे माणूस खूश होतील) लेझाव्हाँला जा. वर कुरणांत रानटी नार्सिसस फुललेलं असतं, पांढरंशुभ्र. इथे त्याला 'मे महिन्यातला बर्फ' म्हणतात. तोडायचं नाही आणि गवतात शिरायचं नाही. आईंना नक्की आवडेल.

---

तलावपाळी (मंगळवार, रात्री ११:४५)

लेझाव्हाँला गेलो. गाडी वळणं घेत चढते आणि तळं प्रत्येक वळणाला खिडकी बदलतं. आई दोन्ही खिडक्यांशी, यावेळी डबा रिकामा होता.

फुलं होती. फोटोत येत नाहीत, तिथे उतारच्या उतार पांढरा दिसतो, फोटोत हिरव्यावर दही सांडल्यासारखं आलंय. आई कुंपणापाशी वाकली, एका फुलाजवळ नाक नेलं आणि म्हणाली, "निशिगंधाच्या जवळपास, पण इतका लाघट नाही." मग तिथेच गवताच्या कडेला पिशवीतून चकल्या काढल्या. एक फ्रेंच जोडपं शेजारी. त्यांना एकेक दिली. बाईंनी काहीतरी विचारलं, मला वाटलं कृती विचारतायत, मी फोनवर भाजणीचं भाषांतर शोधत बसले. त्या विचारत होत्या की ही खायची कुठल्या बाजूने.

संध्याकाळी शियों. दुर्गभ्रमर, तुमचं वर्णन मोठ्याने वाचत फिरलो. तळघरात ऊन पाण्यावर आपटून छताला लागतं, तिथे निळसर लहरी हलत असतात. कैद्याला हे दिसत असेल, हे तुम्ही लिहिलं नव्हतं. आई तिथे एकही शब्द बोलली नाही.

मग बसने व्हिलनव्ह. रोलाँचा बंगला शोधत बसलो नाही. काठावर एक बाक होता, समोर रोनचं खोरं आणि दाँ द्यू मिदीचे सुळे, त्यावर शेवटचं ऊन. नऊ वाजत आले तरी उजेड. आईला गांधीजींचं सांगितलं. ती म्हणाली, "माझे आजोबा बेचाळीसला येरवड्यात होते, ते सांगायचे की बापू कुठेही पहाटे चारला उठायचे. मग इथल्या लोकांनी त्या थंडीत काय केलं असेल?" आम्ही तासभर बसलो. यावेळी मी फोटो काढायला उठले नाही, बॅटरी संपली होती.

इंटरलाकेन रद्द. उद्या दुपारपर्यंत इथेच, मग ल्यूसर्न.

---

हापूसप्रेमी (बुधवार, सकाळी)

मेहुण्याला विचारलं. वडापाव त्याने लंडनला खाल्ला होता.

---

नवीन_सभासद_७ (बुधवार, सकाळी)

छान धागा. आम्ही पुढच्या वर्षी जातोय. तूप, खवा, पेढे नेता येतात का?

---

लेमानकाठची (बुधवार, सकाळी)

नाही. भारतातून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चकली, चिवडा, मेतकूट, लोणचं आणा. लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळा, ही माझ्या लग्नाच्या साड्यांची विनंती आहे.

---

तलावपाळी (बुधवार, दुपारी ३:१०)

ल्यूसर्नच्या वाटेवर. एक गडबड झाली. काल व्हिलनव्हच्या बाकावर आईचा स्टीलचा डबा राहिला. झाकणावर नाव कोरलेला, तिच्या लग्नातला. लेमानकाठची, तुम्हाला त्रास देणं बरं वाटत नाही, पण त्या बाजूला गेलात तर...

---

मुक्ताई (बुधवार, दुपारी ३:१४)

काळजी करू नका, स्वित्झर्लंड आहे ते. डबा तिथेच असेल, वर कुणीतरी चिठ्ठी लावून ठेवली असेल.

---

लेमानकाठची (बुधवार, संध्याकाळी ७:३०)

ऑफिस सुटल्यावर गेले होते. चारही बाक बघितले, कचऱ्याचा डबा बघितला, बसच्या चालकाला विचारलं, शेजारच्या आइस्क्रीमवाल्यालाही. नाही सापडला हो. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात नोंद केलीय, झाकणावरच्या नावासकट.

---

कडू_कारलं (बुधवार, संध्याकाळी ७:४१)

घ्या तुमचं स्वित्झर्लंड.

---

तलावपाळी (बुधवार, संध्याकाळी ७:५८)

लेमानकाठची, खूप खूप धन्यवाद, एवढं केलंत. आई म्हणतेय जाऊ दे. फक्त विचारतेय, आत चार चकल्या होत्या, त्या तरी कुणी नीट खाल्ल्या असतील ना?